जावयाच्या टायरात आग्रहाची हवा

विसरवाडीच्या फाट्यावर हवा भरावी ती पितांबरनेच, असं ट्रकवालेसुद्धा म्हणत. मीटर बघितल्याशिवाय तो सायकललाही नळी लावत नसे. पण लेकीच्या लग्नात व्याह्यांकडचं कुणीतरी बोलून गेलं, "आमरस पातळ शे," आणि तो काटा पितांबरच्या मनात रुतून बसला. पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक रुपा आणि जावई हेमकांत मोटारसायकलवरून आले, तेव्हा त्याने ठरवलं, यंदा काही कमी पडू द्यायचं नाही.

घरात बायको दगूबाईने पुरणाच्या मांड्यांची चळत रचली. पितांबरला मांडे येत नव्हते. हवा येत होती. सकाळच्या गारव्यात त्याने जावयाच्या गाडीला नळी लावली. मीटर पुरे म्हणालं. "जवाईना टायरले पुरे कसं म्हनाव?" असं पुटपुटत त्याने आणखी थोडी भरली. चहा पिऊन आल्यावर आणखी थोडी.

दुपारी बाहेर गाडी उन्हात तापत होती आणि आत हेमकांत घामाघूम झाला होता. तो ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा, पण ताटावर त्याचं कोण ऐकतं?

"मामी, पोट फुटी जाई!"

"आखो एकच, जवाईबापू."

"आमरस घट्ट शे ना?" पितांबरने तिसऱ्यांदा विचारलं.

तेवढ्यात फट्‌ट! दगूबाईच्या हातातला मांडा जावयाच्या खांद्यावर पडला. हेमकांतने आधी स्वतःचं पोट चाचपलं, मग सगळे बाहेर धावले. गाडीचं मागचं टायर फुटून चपटं पडलं होतं.

"मन्हा जवाईना टायर मन्हाच हातखाले फुटना!" पितांबर मटकन खाली बसला.

हेमकांतला ताटावरून उठायला कारण मिळालं होतं. तो उत्साहाने समजावू लागला. "मामा, हवेचे कण म्हणजे सुरतच्या बसमधले पॅसेंजर. तुम्ही बस खचाखच भरली. वरून ऊन लागलं, तसे सगळे आत धावायला, भिंतींना धडका मारायला लागले. बस तेवढीच, मग फुटणार नाही? दुपारसाठी जागा सोडायची असते."

पितांबर विचारात पडला. इतक्यात दगूबाई नवा मांडा घेऊन आलीच. त्याने तिचा हात अडवला.

"ऱ्हाऊ दे वं. याले बी दुपारनी जागा पाहिजे."

हेमकांतने सासऱ्याचे पायच धरले. "मामा, असा पाहुणचार कुठेच नही!"

मनातला काटा निघाला. पितांबरने शीळ घालत चाक उतरवलं, नवी ट्यूब टाकली, मीटरइतकीच हवा भरली. मग इकडेतिकडे बघून अगदी किंचित आणखी.