चॅनेलच्या बटणावरची चिकटपट्टी

मुलांनो, लंडनहून तुमच्या बाबाची व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा त्याला पाहून चार वर्षं झाली होती. तिकडे तो वाळला असेल, हीच माझी धास्ती.

इतवारीतला एक मेकॅनिक भाड्याचा व्हीसीआर घेऊन आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रुमालाने हात पुसून त्याने वायर टीव्हीला जोडली, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या.

“बटणावर हे काहून चिकटवलं, आई?”

“एकच चॅनेल दिसतं. कुणी फिरवू नये म्हणून.”

“व्हिडिओले दुसरा चॅनेल लागते जी!”

हसत त्याने माझी चिकटपट्टी हलकेच सोलली आणि बटण फिरवलं. तुमचा बाबा दिसला. भिंतीवरच्या त्याच्या जुन्या फोटोकडे बघून मेकॅनिक म्हणाला,

“पोरगा तर मस्त जाडा झाला, आई!”

त्या दिवशीच्या पत्रात ‘वेळेवर जेवतोस ना?’ असं मी पहिल्यांदाच विचारलं नाही.