गळ्यातला हेडसेट

हेडसेट मीच निवडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या नावानं बोटं मोडायची सोय उरत नाही. मेहकरच्या दुकानात पाय दुखेस्तोवर उभी राहून, एकेक डोक्यावर चढवून पाहिला अन् मग घेतला. इतकं पारखून तर मी लग्नातला शालूही घेतला नव्हता.

पोरगी पुण्याला नोकरीला लागली, चार मुलींनी मिळून फ्लॅट घेतला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आम्ही दोघं सुलतानपूरला. मी शाळेत, आमचे हे तहसीलातून निवृत्त. आमच्याकडं फोन म्हणजे घरादाराचा असतो. रविवारी पोरीचा फोन आला की स्पीकर लावायचा, फोन ओट्यावर डब्याला टेकून उभा करायचा, अन् मी भाजी निवडता निवडता बोलायची. हे पेपरातून मान वर न काढता मधेच बोलायचे. शेजारीण विरजण मागायला आली तर तीही दोन शब्द बोलून जायची. तिकडं पोरगीही स्पीकरच लावायची.

एका रविवारी ती म्हणाली, "आई, मला एक चांगला हेडसेट घ्यायचाय. गाणी ऐकायला, अन् तुझ्याशी बोलायला पण."

"काऊन, स्पीकरले काय झालं?"

"मुली हसतात गं. तू 'का'ला काऊन म्हणतेस ना, मग त्या दिवसभर मलाच काऊन काऊन करतात."

मले राग आला. हो, मी मले असंच लिहिणार, आता कोणी हसो नाहीतर रडो. सव्वीस वर्षं मराठी शिकवली, हजार पोरांचं शुद्धलेखन तपासलं, अन् माझ्या पोटच्या पोरीले माझ्या तोंडची भाषा दडवायची होती. "हसू दे ना वं," म्हटलं. पण आईचा राग तो, चहा उतू जाईपर्यंत टिकला. मनात आलं, कानावर हेडसेट असला तर चौघींच्या गलक्यातही माझा शब्द न् शब्द तिच्या कानात जाईल. मग मीच म्हटलं, वाढदिवसाला मी घेऊन देते, वायरचं झंझट नसलेला.

दुकानदारानं तीन तऱ्हा काउंटरवर मांडल्या. कानात खुपसायची इवलीशी बोंडं मी लगेच बाजूला सारली, आमच्या पोरीच्या कानातलं आठवड्याला एक हरवतं. मानेभोवती पट्टा असलेला कानात टोचला. तिसरा डोक्यावरून घ्यायचा, दोन्ही कानांवर मऊ गाद्या. त्यात त्यानं गाणं लावलं. डाव्या कानात पेटी, उजव्या कानात तबला, अन् गाणारी बाई मधोमध, माझ्या कपाळात उभी. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. आम्ही जन्मभर गाणं ऐकलं ते रेडिओच्या एका भोकातून.

पण गाण्यावर भाळून चालणार नव्हतं. ह्यायले मी बसस्टँडच्या तोंडाशी पाठवलं अन् तिथून फोन करायला लावला.

"हॅलो. आता काय बोलू?"

"काहीही बोला."

तीस वर्षांच्या संसारात या माणसाला असली मोकळीक कधी मिळाली नव्हती, त्यामुळं त्यायले काही सुचेना. मग ते गाड्यांच्या पाट्या वाचायला लागले. लोणार, बीबी, चिखली. त्या गाद्यावाल्यांतलेच चार नग मी बदलून पाहिले अन् चार वेळा त्यांनी पाट्या वाचल्या. माझा आवाज कसा येतो विचारलं की म्हणायचे, "विहिरीतून बोलून राह्यली." चौथ्या नगाला म्हणाले, "आता नीट येते. बाजूले बसल्यासारखं."

दुकानदार म्हणाला, "मॅडम, याच्यात बाहेरचा आवाज बंद होते. बटण दाबलं की जे आयकायचं तेवढंच आयकू येते, बाकीचे लोक बोंबलू दे."

"हेच पाहिजे," मी म्हटलं. दुकानात चांगली छाती काढून म्हटलं.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला लागते. आमच्याकडं कोणी गोष्ट सांगत असलं की ऐकणाऱ्यानं हुंकार भरायचा, अशी रीतच आहे. हं, हं, करत राहायचं. हुंकार थांबला म्हणजे पोर झोपलं, गोष्ट तिथंच ठेवायची. पोरगी लहान असताना सुट्टीच्या दुपारी मी तिले गोष्टी सांगायची. ती इतकी लबाड, की डोळे मिटायचे, तोंड उघडं पडायचं, तरी 'हं' चालूच. अर्धी गोष्ट मी भिंतीलाच सांगितलेली असायची. मले त्याचं केवढं कौतुक होतं. झोपेतही माझं ऐकते, असं सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरायची मी.

हेडसेट पुण्याला गेला अन् रविवार बदलले. आधी ती मधेमधे तोडायची, भांडायची, दवाखान्यात गेली का नाही म्हणून झापायची. आता मले मनसोक्त बोलू द्यायची. नळाचं पाणी, शाळेतलं राजकारण, माझा गुडघा, सगळं सांगून व्हायचं, अन् तिकडून हुंकार यायचा, अगदी स्वच्छ. पोरगी समजदार झाली, मी म्हटलं. शेजारणीलाही ऐकवलं, "तुयी सून आयकते का अशी?"

दिवाळीनंतर गुडघा दाखवायला मी पुण्याला गेले. रविवारी सकाळी तिच्या खोलीत मटार सोलत बसले होते. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. तिनं हेडसेट चढवला, "हं बोला बाबा" म्हणाली, अन् दुसऱ्याच मिनिटाला दोन्ही हातांनी तो खाली ओढून गळ्यात टाकला. सरावाचा हात होता. मग लॅपटॉपवर कुर्ते पाहायला लागली. गळ्यातल्या त्या गाद्यांतून बारीक किणकिण येत होती. तो माझा नवरा होता. शब्द कळत नव्हते, पण मले माहीत होतं काय सांगत असतील. तिनं लावलेल्या लिंबाला यंदा पहिल्यांदा फूल आलं होतं अन् ते तिले सांगायचं म्हणून माणूस बुधवारपासून थांबला होता.

"हं," पोरगी म्हणाली. निळा कुर्ता मोठा करून पाहिला. "हं." मग हिरवा. "हो का."

हुंकार अगदी वेळेवर पडत होता. ती लहानपणची सवय मीच लावलेली, लगेच ओळखू आली. शेवटी गळ्यातली किणकिण थांबली तसा तिनं तो कानावर घेतला अन् म्हणाली, "बरं बाबा, काळजी घ्या."

हातातला मटाराचा वाडगा तिच्या अंगावर फेकावा असं वाटलं. माझे सगळे रविवार माझ्या डोळ्यांसमोर गळ्यात लोंबकळत होते. तिनं वर पाहिलं. "काय गं?"

"काही नाही," मी म्हटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपारी ह्यांचा मले फोन आला. "आज लिंबाचं सांगितलं तिले. किती आयकून घेते वं पोरगी. आजकाल एवढा टाइम कोणापाशी हाये?" माणूस इतका खूश होता की माझ्याच्यानं सांगवलं नाही. मी नुसतं हं म्हटलं.

सुलतानपूरला परत आल्यावर पहिल्या रविवारी तिचा फोन आला. फोन ओट्यावर, स्पीकर चालू, हे समोर खुर्चीत. मी गुडघ्याचं सांगायला लागले. डॉक्टरांनी काय काय म्हटलं, गोळ्या कधी घ्यायच्या. अन् वाक्याच्या मधेच थांबले. मुद्दाम थांबले. मनात म्हणत होते, बाई, एवढं विचार, का थांबलीस म्हणून. एवढंच विचार.

काहीच आलं नाही. ह्यांनी पेपर खाली केला.

मग तिकडून आवाज आला, "हं." नीट आला, बाजूला बसल्यासारखा.

हे माझ्याकडं पाहून हसले. "आयकून राह्यली ना पोरगी. थांबली काऊन? सांग पुढं."

मी गोळ्यांची नावं सांगायला लागले.