वहिनीनंतरचा नाताळ

वहिनी पावसाळ्यात गेल्या. नोव्हेंबर संपत आला तरी यंदा नाताळचं जेवण कुणाकडे, हे घरात कुणी बोलेना. तीस वर्षं हा प्रश्नच कधी आला नव्हता. जेवण दादाकडे, नगरला. आठ दिवस आधीपासून वहिनींचे करंज्यांचे, शेवेचे डबे भरायला लागायचे, आणि पंचवीस तारखेला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सकाळची उपासना आटोपली की दादाचा मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडं, सगळी त्या घरात गोळा व्हायची.

मी राहुरीला राहते. इथल्या एका दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते. लग्न केलं नाही. का केलं नाही, याची कारणं लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. नाताळच्या दिवशी सकाळची ड्यूटी मी मागून घ्यायचे, कारण बाकीच्यांना लेकरंबाळं होती. दोनला सुटायचं, एसटी धरायची, नगरला पोचेपर्यंत साडेतीन. तोवर पंगत उठलेली असायची. वहिनी स्वयंपाकघरात माझं ताट वाढायच्या आणि आपलंही तिथंच वाढून घ्यायच्या. "वन्सं, रस्सा गरम करू का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. मग खाली पाटावर बसून आम्ही दोघी निवांत जेवायचो. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि पोरांचा दंगा चाललेला असायचा. त्यांच्या सुनेचं, माझ्या वॉर्डातल्या पेशंटचं, कुणाच्या लग्नाचं, असं बोलणं चालायचं ते ताटातले हात वाळेपर्यंत. निवृत्त झाले तरी मी त्याच वेळेला पोचत राहिले. इथली उपासना चुकवायची नाही, हे आपलं सांगायला कारण.

शेवटी मीच दादाला फोन केला.

"यंदा राहू दे," तो म्हणाला. "पोरं म्हणतात हॉटेलात जाऊ. नाहीतर नकोच काही."

"माझ्याकडे या सगळे," मी म्हणाले. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

तो म्हणाला, "तुझ्याकडे? अगं, तुझ्याकडे ताटं तरी आहेत का सगळ्यांना पुरतील एवढी?"

त्याला खिजवायचं नव्हतं, त्याला खरंच काळजी वाटली होती. आणि ताटं खरंच नव्हती. दोन होती, त्यातलं एक मी कधी वापरलेलं नव्हतं.

"आणीन," मी म्हणाले.

डिसेंबरचे ते पहिले पंधरा दिवस मी इतकी कामात होते की वहिनी गेल्याचं दुःख जरा बाजूला सरकलं. ताटं आणली, वाट्या आणल्या, मोठं पातेलं आणलं. कपाटावरच्या खोक्यातून कागदाची चांदणी काढली, तिच्या दोन पाकळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, म्हणून नवी आणली आणि दारावर टांगून आत बल्ब लावला. करंज्या करायला घेतल्या तर पहिल्या घाण्यातल्या सगळ्या तेलात फुटल्या. पन्नाशी उलटून किती वर्षं झाली, आणि सारण किती भरायचं हे मला माहीत नव्हतं. आयतं खात आले होते.

खुर्च्यांसाठी शेजारी गेले. शेजारचं कुटुंब शेतकरी, ऊस आणि दोन गाया. शेजारीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी हजर होते, त्यामुळे ती मला अजून सिस्टरच म्हणते.

"किती खुर्च्या लागत्याल?"

"सहा दे. आम्ही नऊ जण आहोत."

"नऊ! लई पावनं हायेत की," ती म्हणाली. खुर्च्या पुसता पुसता आपल्याच नादात पुढं म्हणाली, "बरं झालं बाई. तुमच्या घरी कवा कुनी जेवाया आल्यालं आमी पाह्यलंच न्हाई."

ती चांगल्या मनानं बोलली. पण खुर्च्या घेऊन घरी आल्यावर मी बराच वेळ एका खुर्चीवर नुसती बसून राहिले.

चोवीस तारखेला तीच संध्याकाळी वाटण करून द्यायला आली. तिच्या घरात मटण शिजत नाही, पण कांदा-खोबरं भाजण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. "सिस्टर, खोबरं काळं पडू द्यू नगा," असं म्हणत तिनं माझ्या हातातलं उलथनंच काढून घेतलं.

पंचवीसला पहाटे उठले, खाटकाकडून मटण आणलं, रस्सा चढवला, आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा नाताळची उपासना चुकवली. दहाच्या सुमाराला लांबून देवळातल्या गाण्यांचा आवाज येत होता. मी मसालेभाताचं आधण ठेवत होते आणि त्यांच्याबरोबर गुणगुणत होते. सांगायला हरकत नाही, मी त्या घटकेला खूश होते.

अकरा वाजता भाच्याचा फोन आला. "आत्या, छोटीला रात्रीपासून ताप आहे. एकशे दोन. पुण्याहून एवढ्या लांब आणायची म्हणजे..."

"नको आणूस," मी लगेच म्हणाले. "पाणी भरपूर पाज. अंग पुसून काढ." मी नर्ससारखी बोलले, त्यामुळे माझा आवाज व्यवस्थित राहिला.

साडेअकराला भाचीचा मेसेज आला. तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, आणि दोन पोरांना घेऊन एकटीला एसटीत जमणार नव्हतं. खाली फुलांची आणि केकची चित्रं होती.

कुणाचंच काही चुकलं नव्हतं. तापाला आणि सुट्टीला काय बोलणार? मी गॅस बारीक केला आणि सहा खुर्च्यांतल्या चार भिंतीला लावून ठेवल्या. मग वाटलं, दादाला हे पाहून वाईट वाटेल. पुन्हा पुढं ओढल्या. मग पुन्हा लावून ठेवल्या.

दादा साडेबाराला आला. इस्त्री न केलेला शर्ट, वर कोट, हातात बेकरीतला केक. वहिनी असत्या तर त्या शर्टावर त्याला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं. "सलाम," तो म्हणाला. मीही आमच्या रीतीप्रमाणे सलाम म्हणाले. त्यानं खोलीभर नजर फिरवली. मुलांचे फोन त्यालाही आले होते.

मी ताटं वाढली आणि आम्ही समोरासमोर बसलो. जेवणाआधीची प्रार्थना आमच्या घरात मोठा पुरुष करतो. आधी बाबा करायचे, मग दादा. दादाची प्रार्थना ठरलेली, शब्दाला शब्द. त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. वर्षभर सांभाळल्याबद्दल उपकार मानले. लेकरांची नावं घेतली. मग तो म्हणाला, "आणि प्रभू, ज्या हातांनी हे अन्न..." आणि थांबला.

मी डोळे मिटून वाट पाहत होते. पुढचे शब्द मला पाठ होते: ज्या हातांनी हे अन्न शिजवलं त्या हातांना आशीर्वाद दे. तीस वर्षं ते एकाच बाईचे हात होते. दादाच्या तोंडून ते वाक्य पुढं सरकेना. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत आम्ही तसेच बसलो. शेवटी मी म्हणाले, "प्रभू, आम्ही दोघंच आहोत. आम्हाला जेवण जाऊ दे. आमेन."

घरातली पहिली प्रार्थना मी अशी केली. आता आठवलं की वाटतं, जरा बरे शब्द सापडायला हवे होते.

मग आम्ही जेवलो, आणि बोलायला काही सापडेना. एसटी लगेच मिळाली? मिळाली. गर्दी होती? होती. साखर तपासलीस का? तपासायचीय. ही माझ्या लक्षात न आलेली गोष्ट होती. तीस वर्षं मी दादाच्या घरी जात होते, पण बोलत होते वहिनींशी. दादाच्या बातम्या मला वहिनींकडून कळायच्या आणि माझ्या त्याला. एका आईची दोन लेकरं आम्ही, आणि मधलं माणूस निघून गेल्यावर आमच्याजवळ एकमेकांना विचारायला साखरेच्या तपासणीपलीकडे प्रश्न नव्हता.

बऱ्याच वेळानं तो ताटाकडे बघत म्हणाला, "वाटण चांगलं झालंय."

"शेजारणीनं केलंय."

"हं." दोन घास खाल्ले. "ती नाताळला कधी आमच्याबरोबर जेवली नाही. मी म्हणायचो, जेवून घे, भुकेनं डोकं दुखेल तुझं. दुखायचंच. चारपर्यंत थांबायची. म्हणायची, वन्सं यायच्यात."

मला इतकी वर्षं वाटत होतं की वाढणारी बाई शेवटी जेवते, म्हणून त्या शेवटी जेवतात, आणि मी आपली उशिरा येऊन त्यांना सोबत होते. त्या माझ्यासाठी उपाशी थांबत होत्या, हे मला कधी कळलं नाही. त्यांनी कळू दिलं नाही. आणि निवृत्त झाल्यावरची तीन वर्षं तर मी उगाच, सवयीनं, उशिरा जात राहिले.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हणाले.

"मला वाटलं तुला माहीत असेल."

दादाचे डोळे भरले होते. पेशंटच्या रडणाऱ्या नातेवाइकांजवळ कसं उभं राहायचं, हे मी चौतीस वर्षं करत आले. सख्ख्या भावाजवळ जमेना. मी उठले आणि त्याला आणखी एक पोळी आणून वाढली. ती त्यानं खाल्ली. नको असणार त्याला, पण खाल्ली.

चारच्या गाडीनं तो गेला. जाताना म्हणाला, "चांगलं केलंस सगळं." मी त्याला करंज्यांचा डबा दिला, न फुटलेल्यांचा.

घरात आले तर ओट्यावर नऊ जणांचं पातेलं तसंच भरलेलं. ते झाकून ठेवून उद्या-परवा एकटीनं गरम करून खात बसायचं, हे मला नको होतं. शेजारी देता येत नव्हतं. मग मला आमच्या वॉर्डातली आयाबाई आठवली. मूळची तिसगावकडची, सत्तरीला आलेली, जुन्या स्टँडमागं एका खोलीत एकटी राहणारी. माझ्याच चर्चच्या मंडळीतली. वीस वर्षं आम्ही एका वॉर्डात काम केलं होतं. मी दोन डबे भरले आणि चालत निघाले.

तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता आणि बशीत सकाळच्या भाकरीचा तुकडा.

"सिस्टर? काय झालं?" नाताळच्या संध्याकाळी कुणी दाराशी आलं म्हणजे काहीतरी वाईट झालंय, असं तिला वाटलं.

"काही नाही झालं. मटण आणलंय."

ती डब्याकडे बघत राहिली. मग खाट झटकली. "बसा. मी एकलीच हाय म्हून काय केलंच न्हाई बघा. एकल्या जिवाला काय नाताळ."

मी तिच्याबरोबर पुन्हा थोडं जेवले. ती हाड चोखता चोखता वॉर्डातल्या जुन्या गोष्टी सांगत होती. त्यातल्या अर्ध्या तिनं भलत्याच पेशंटांच्या नावावर घातल्या होत्या. मी हसले, आणि मनातून शरमले. वीस वर्षं नाताळच्या सकाळी ही बाई माझ्याबरोबर ड्यूटीवर असायची. दुपारी मी नगरची गाडी पकडायला पळायचे. ही कुठं जाते, काय खाते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी पद्धतच बदलली. जेवण दुपारी अडीचला ठेवलं, म्हणजे दवाखान्यात सकाळची ड्यूटी असलेल्यांना येता यावं. नोटिशीच्या फळ्याजवळ उभ्या असलेल्या दोन नर्स मुलींना मी सांगून आले. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीतरी निवृत्त बाई जेवायला बोलावते, म्हणजे नेमकं काय, हे त्यांना समजेना. पण आल्या. उपासनेला मी गेले, कारण रस्सा आदल्या दिवशीच करून ठेवला होता. दादा आला नाही. तो आता पुण्याला मुलाकडं असतो, गुडघे धरलेत, त्याला एसटीत बसवत नाही. मुलं म्हणाली होती, आम्ही सव्वीसला येऊ. तेही झालं नाही.

आयाबाई धरून आम्ही चौघी होतो. मुलींनी भराभरा जेवून घेतलं, फोटो काढले, आपसांत बोलल्या, आणि एकीला घरी जायचं म्हणून दुसरीही उठली. जाताना एक म्हणाली, "मॅडम, छान होतं हं." सव्वातीनला दोघी गेल्याही. मला वाटलं होतं, त्या वॉर्डातलं काही सांगतील. मी विचारायलाही लागले होते, पण त्यांचं लक्ष मोबाईलमध्ये होतं, आणि मी काही त्यांची कुणी नव्हते.

आयाबाई मात्र थांबली. खीर खाल्ली, पुन्हा मागून घेतली, आणि "जरा पाठ टेकते" म्हणून माझ्या खाटेवर आडवी झाली. पाच मिनिटांत घोरायला लागली.

मी भांडी घासली, पण नळ बारीक सोडून, आवाज न करता. मग चहा करून घेतला आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. उन्हं उतरायला लागली होती. आतून तिचं घोरणं येत होतं, मध्येच थांबायचं, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत मी सवयीनं कान देऊन राहायचे.

साडेपाचला ती जागी झाली. "उठवायचं न्हाई व्हय मला?" म्हणून माझ्यावरच रागावली. मी तिला डबा भरून दिला, स्वतः स्वेटर घातला, आणि जुन्या स्टँडपर्यंत सोडायला गेले. रस्ता ओलांडताना तिनं माझा दंड धरला, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.