स्लॅबची खोली

दादाचा टीबी बरा झाला तेव्हा ग्रामपंचायतीत त्याचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि ‘झुंजार योद्धा’ असं मानपत्र. भाषण करणाऱ्यांनी खबरदारी म्हणून तोंडाला रुमाल बांधला होता. दादाच्या उजव्या फुप्फुसात वर एक पोकळी कायमची राहिली होती. मानपत्रात तिचा उल्लेख नव्हता.

दोन वर्षांनी त्याचे सांधे धरले. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. प्रतिकारशक्ती कमी होईल, वेगळी खोली द्या, असं डॉक्टरांनी बजावलं.

तळेगावच्या आमच्या घरात स्लॅबची खोली एकच, आणि तिच्यात कापूस भरलेला. “ते खाली करून द्या त्याईले,” वहिनी म्हणाली. आजारी माणसाला घरातली सगळ्यात चांगली खोली, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कापूस गाडीत भरून पाठवला. पावसात सापडलेला तळचा थर काळा पडून फरशीला चिकटला होता. तो मी खरवडून झाडला, धूळ घरात जाऊ नये म्हणून दार लावून. दादा आत खाटेवर बसलेला.

“बाहेर बस ना जरासा.”

“काऊन? मी का पाहुणा आहो? झाड तू.”

चार महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडलं. टीबी परतला, हे आम्ही घरीच ठरवून टाकलं. वर्ध्याला थुंकी तपासली, तर टीबी नव्हता. स्कॅनमध्ये त्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा दिसला. धुळीत, ओल्या कापसात, कुजक्या कडब्यात ती असतेच, धडधाकट माणसाला काही करत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांना खोलीचं सांगितलं. त्यांचं लिहिणं थांबलं.

“कुठूनही आली असेल. पण आता तिथे ठेवू नका.”

ऑपरेशन त्याला झेपणार नव्हतं. गोळ्या घ्यायच्या, आणि कपभर रक्त पडलं तर तडक घेऊन यायचं.

दादा बाहेर बाकावर होता.

“का म्हणे?”

“बुरशी आहे. फुप्फुसात.”

“भाकरीले येते तशी?” तो हसला, मग खोकला दाबत बसला. “कुठून आली म्हणे?”

“कुठूनही येते. त्या खोलीत नाई झोपायचं आता.”

“काऊन?”

मी सांगितलं. झाडण्याचंही सांगितलं.

“तुह्या वहिनीले नको सांगू,” तो म्हणाला. “खोलीचं तिनंच काढलं होतं.”

माझ्याबद्दल तो काही बोलला नाही. मला तेव्हा काही वाटलं नाही. चिठ्ठी घेऊन मी औषधांच्या रांगेत उभा राहिलो.