ओट्यावरचं पाण्याचं अक्षर

गजभिये सरांनी मला पुन्हा लिहायला लावलं, हे आधी सांगते. ते गेले, हे त्यानंतर. पाच आठवडे झाले. सकाळी पोळ्या करायला नालवाडीला त्यांच्या घरी गेले, तर फाटकाशी चपलाच चपला. एकट्या माणसाच्या दाराशी एवढ्या चपला... शेजारच्या शालूताई म्हणाल्या, "झोपीतच गेले वं सर."

मी चंदगडकडची. आठवीत नापास झाले, शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे वर्ध्याला आले. सही करायची म्हटली की अजून घाम फुटतो. सर चिनी भाषा शिकवून निवृत्त झालेले. बुद्धाच्या काही पोथ्या मूळ भाषेत हरवल्या, चिनीत उरल्या. त्या वाचायच्या म्हणून तरुणपणी ते ती भाषा शिकले. रोज सकाळी कुंचला पाण्यात बुडवून ओट्याच्या फरशीवर अक्षरं काढायचे. वर्ध्याचं ऊन ते... पुढचं अक्षर होईस्तोवर मागचं गायब.

एकदा मला म्हणाले, "काढून पाह्य."

"नको सर, चुकेल."

"काऊन भेते वं? चूक बी सुकते न!"

पहिलं अक्षर 'ली', म्हणजे बळ. दोनच रेघा. एक आडवी जाऊन खाली वळते, दुसरी तिला छेदत तिरकी उतरते. माझी तिरकी रेघ आडवीच्या वर निघालीच नाही. सर हसले, "हे त सुरीचं अक्षर झालं. जाय, भाजी चिर." काही जाणकारांना या अक्षरात नांगर दिसतो, म्हणाले; वावराच्या अक्षराखाली ते जोडलं की 'पुरुष' होतो. मी विचारलं, "आणि वावरातलं तण निंदणारी बाई?" "तेथंच चुकले ते लोकं," सर म्हणाले. पोथ्यांत मात्र बळ म्हणजे पैलवानकी नव्हे; तिथे श्रद्धेलाही बळ म्हणतात, आठवण ठेवण्यालाही. आणि मन धावतं पण अंग साथ देत नाही, हे सांगायलाही चिनी लेखक हाच शब्द घेतात. शेवटी शेवटी पाण्याचा मग उचलताना सर त्या अर्थाची चिनी ओळ पुटपुटायचे.

त्या फरशीवरून त्यांनी मला सतरा नंबरच्या फॉर्मपर्यंत आणलं, दहावीला बाहेरून बसायचा तो. शेवटच्या भेटीत मी रडले. "सर, कागदावरची चूक सुकत नाही."

ते म्हणाले, "वर्गात पह्यल्यांदा शिकवाले उभा राह्यलो तवा मले बी भेव वाटलं. तू जाजो. पेपर पुरा लिहूनच उठजो."

सोमवारी मराठीचा पेपर आहे. हॉलतिकीट डाळीच्या डब्यात ठेवलंय, दिवसातून दहादा काढून बघते. सरांचा कुंचला शालूताईंनी मला दिला. आज त्याच ओट्यावर 'ली' काढलं. या वेळी तिरकी रेघ आडवीच्या वर निघाली. सुकायच्या आत सांगून टाकलं... सर, पेपर पुरा लिहूनच उठेन. आणि माझ्यासारखीच भ्यालेली एखादी बाई या ओट्यावर बसवून तिच्या हातात हा कुंचला देईन. कधी ते माहीत नाही, पण तुमचं एवढं फेडीन.