भाकरी उलटेपर्यंत थांबायचं

कुंडलिक हिवराळे बारा वर्षं अंधेरीच्या विमानतळावर विमानांच्या पोटात बॅगा रचतोय. सुपरवायझर व्हायचं तर तोंडी परीक्षा, आणि ती फक्त तीनदा देता येते. दोनदा गडी आपटला होता.

अभ्यास कमी नव्हता. आडवी आली ती जिंतूरची शाळा. तिथं मास्तरांचं बोट वळलं की फाडकन उत्तर द्यायचं. थांबला त्याला छडी. पहिल्या खेपेला परीक्षकांनी विचारलं, टीएटी या आद्याक्षरांचा अर्थ काय. हा म्हणाला, विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतचा वेळ. बॅगा चढवणारे सगळे तेच म्हणतात. पण विचारलं होतं वैमानिकाच्या निरोपातलं, तिथं टीएटी म्हणजे हवेचं तापमान. दुसऱ्या खेपेला एसएसआर. यानं व्हीलचेअरवाल्या प्रवाशाची खास मागणी सांगितली. प्रश्न टॉवरच्या रडारचा निघाला.

गोवंडीच्या खोलीत तो वही घेऊन ए-बी-सी-डीच्या क्रमानं आद्याक्षरं घोकत बसला, तेव्हा त्याची बायको रश्मी तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "आपल्या चाळीत सोनूबाई किती?"

"तीन."

"कुणी म्हटलं सोनूबाईला बोलवा, तर दिसेल तिला ओढून आणता का?"

"कुणाच्या घरची ते विचारतो."

"मग तिथं विचारताना काय जीभ झडते?"

कुंडलिकनं वही नव्यानं लिहिली. आता पानं अक्षरांची नव्हती, बोलणाऱ्यांची होती: बॅगावाले, वैमानिक, टॉवर, तिकीट खिडकी. रोज संध्याकाळी रश्मी भाकरी थापताना प्रश्न टाकायची. नियम एकच, भाकरी उलटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं सात वेळा घाई केली आणि सात वेळा उलथन्याचा चटका खाल्ला. पण हटला नाही.

तिसऱ्या परीक्षेला परीक्षकांनी पुन्हा एसएसआरच काढलं. उत्तर कुंडलिकच्या ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं. परीक्षक पेन आपटू लागले. छडी आठवली. भाकरी उलटायला लागते तेवढा वेळ तो गप्प राहिला.

"सर, निरोप कुणाकडून आलाय?"

पेन थांबलं. "टॉवरकडून."

त्यानं रडार सांगितलं. मग न विचारताच तिकीट खिडकीचा, व्हीलचेअरवाल्या मागणीचाही अर्थ सांगितला.

निकाल लागला त्या संध्याकाळी त्यानं सुपरवायझरचं जाकीट घालूनच दारात उभं राहून सांगितलं, "झालो."

रश्मीनं आधी भाकरी उलटली.

"काय झालात?" मग तिनं विचारलं.