रूम नंबर बाराची हजेरी

सुहास गेला त्या सकाळी मी त्याची हजेरी लावली होती.

तो शारजात, त्याच्या फ्लॅटमध्ये, किचनच्या ओट्याशी पडला होता. आणि मी दुबईत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ग्रुपवर "१२" टाइप करत होतो.

आज त्याला वर्ष झालं. वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

सुहास आणि मी इंजिनिअरिंगला चार वर्षं हॉस्टेलच्या एका रूममध्ये होतो. रूम नंबर बारा. आमचे रेक्टर महा आळशी. संध्याकाळी जिन्याखाली उभे राहून नुसते रूमचे नंबर पुकारायचे. रूममधला एक जण "हजर" ओरडला की दोघंही हजर.

सुहास त्या वेळी नेमका कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर असायचा. मेधाशी बोलत. पुढे तिच्याशीच लग्न केलं पठ्ठ्याने.

म्हणजे चार वर्षं त्याची हजेरी मीच लावली. "बारा, हजर!"

नंतर हॉस्टेलचे आम्ही चौदा जण एकेक करत इकडे आलो. कुणी दुबई, कुणी अबू धाबी, रूम सातचा डेन्झिल खोर फक्कानच्या पोर्टवर.

सुरुवातीला दर महिन्याला सुहासकडे जमायचो. पिठलं-भात, जमिनीवर गाद्या आणि तेच ते किस्से. मग लग्नं, पोरं, प्रमोशनं. आणि शारजाचा ट्रॅफिक तर काय, कारण म्हणून कायम हाताशी.

"नेक्स्ट मंथ नक्की, इन्शाल्ला," मी म्हणायचो.

"हबीबी, इन्शाल्ला नको. तारीख सांग."

तारीख काही मी सांगितली नाही.

शेवटी त्यानेच शक्कल काढली. दर शुक्रवारी सकाळी दहाला तो ग्रुपवर लिहायचा, "हजेरी!" आणि आम्ही आपापला रूम नंबर टाकायचा. खलास. तेव्हापासून त्याचं नावच रेक्टर पडलं.

ज्याचा नंबर आला नाही, त्याला दुपारपर्यंत फोन जायचाच. "काय रे, गैरहजर का?"

स्वतःचा नंबर मात्र तो टाकायचा नाही. "तू बारा टाकलंस ना? माझी त्यातच आली. जुनी पद्धत."

फार सोयीचं झालं सगळं. आठवड्याला दोन आकडे टाकले की मैत्री निभावली. मी तर स्वतःला मित्रांना धरून असलेला माणूस समजायला लागलो होतो.

लेक एकदा माझ्या फोनमध्ये डोकावली. "बाबा, दीज आर जस्ट नंबर्स."

"माझे जिवलग मित्र आहेत ते."

"सो व्हेन डिड यू लास्ट मीट देम?"

मला आठवेना.

मुलाच्या कॉलेजसाठी मेधावहिनी पुण्याला परत गेल्या आणि सुहास इथे एकटा राहिला. त्या तीन वर्षांत मी एकदाही त्याच्याकडे गेलो नाही. एकदा त्याचा फोन आला, तर मी मीटिंगमध्ये. नंतर मेसेज आला, "काही नाही रे, असंच."

मी अंगठा पाठवला.

त्या शुक्रवारी त्याचं "हजेरी!" आलंच नव्हतं.

माझ्या लक्षात आलं नाही. दहा वाजले, सवयीने हात गेला, "१२" टाकलं. ते बघून डेन्झिलने "७" टाकला. मग बाकीचे. दहा मिनिटांत सगळं हॉस्टेल हजर.

संध्याकाळी मेधावहिनींचा फोन. "भावजी, सुहास सकाळपासून फोन उचलत नाहीये. ग्रुपवर आज हजेरी झाली का?"

"झाली की वहिनी! सकाळीच झाली. झोपला असेल, शारजात शुक्रवारी सुट्टी असते त्याला."

"हो का? मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाजात हसू होतं.

शनिवारी दुपारी वहिनींच्या सांगण्यावरून बिल्डिंगच्या वॉचमनने दार उघडलं.

मला शारजाला पोचायला पस्तीस मिनिटं लागली. ट्रॅफिक वगैरे काही नव्हता.

फोन चार्जिंगला लावलेला होता. वहिनींचे मिस्ड कॉल, आणि आमचे सगळ्यांचे नंबर. न वाचलेले.

डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी पहाटेच गेले. तुम्ही लगेच आला असतात तरी उपयोग नव्हता.

मान्य. पण तो दीड दिवस एकटा पडून होता, आणि त्याची बायको माझ्या शब्दावर निर्धास्त झोपली. हेही खरं आहे.

वहिनींनी मला त्याबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

डेन्झिल म्हणाला, "मी वर बघितलंच नाही रे. तुझा नंबर दिसला, माझा टाकला."

त्यानंतर ग्रुपवर हजेरी झाली नाही. दिवाळीच्या शुभेच्छा येतात, वाढदिवसाचे केक येतात. मी अजूनही शुक्रवारी दहाला फोन हातात घेऊन बसतो. आणि एकच विचार येतो. मी नंबर टाकला नाही, तर या परक्या देशात "काय रे, गैरहजर का?" असं विचारणारं आता कोण आहे?

एकच होता.

त्याने तेरा जणांची काळजी घेतली, आणि त्याची हजेरी आम्ही माझ्या दोन आकड्यांत उरकून टाकली.

रेक्टर, त्या दिवशी चुकीची हजेरी लावली रे मी. ती आज सगळ्यांसमोर खोडतो.

रूम नंबर बारा.

सुहास गैरहजर.

मी आहे. एकटाच.

नीट जा, मित्रा.